अक्षरावरची खूण आणि माणसाचे नाव

आपल्या जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात केंदळ नावाचे गाव आहे. एप्रिल १९०३ मध्ये या गावातून 'निरोप्या' हे मासिक सुरू झाले. मराठी कॅथलिक घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या या मासिकाचे संस्थापक फादर हाइनरिख ड्योरिंग हे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू होते. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. मराठीत आपण त्यांचे आडनाव 'डोरिंग' असे लिहितो आणि त्यावर समाधान मानतो. रोमन लिपीत मात्र हे एकच नाव तीन प्रकारे लिहिलेले आढळते. एका ठिकाणी 'ओ' या अक्षरावर शेजारी शेजारी दोन टिंबे असतात. दुसऱ्या ठिकाणी टिंबे नसतात, पण 'ओ' पुढे 'ई' हे अक्षर असते. तिसऱ्या ठिकाणी टिंबेही नसतात आणि 'ई'ही नसते. उघडा 'ओ' तेवढा असतो.

यांपैकी पहिली दोन रूपे बरोबर आहेत. तिसऱ्यात अक्षराचा उच्चारच बदलतो. एवढ्याशा खुणेचा एवढा प्रपंच कशासाठी, असे वाचकांना वाटेल. परंतु या खुणेचा इतिहास पाहू लागलो, की तो जर्मनीतून निघून गोव्यातील छापखान्यात येतो, तेथून पुण्याच्या संगणक केंद्रात जातो आणि शेवटी आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा नोंदवहीपाशी येऊन थांबतो.

खुणा कोठून आल्या

रोमन अक्षरमाला लॅटिन भाषेसाठी घडली. लॅटिनला जेवढे ध्वनी हवे होते तेवढीच अक्षरे तिच्यात होती. पुढे जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या भाषांनी तीच अक्षरे उसनी घेतली. पण त्यांच्या तोंडातील ध्वनी अधिक होते. अक्षरे थोडी आणि ध्वनी जास्त, म्हणून जुन्या अक्षरांवर खुणा चढल्या.

या खुणा बहुधा मठांतील लेखनिकांच्या हातून आल्या. जर्मन लेखनिक 'ओ'च्या डोक्यावर बारीक 'ई' लिहीत. त्या काळच्या हस्ताक्षरातील 'ई' म्हणजे जवळजवळ दोन उभे फराटे. झिजता झिजता त्या फराट्यांची दोन टिंबे झाली. म्हणूनच टिंबे नसतील तेथे 'ओ' पुढे 'ई' लिहिणे ही तडजोड नसून मूळ रूपाकडे परत जाणे होय. स्पॅनिश 'न'वरची लहरी रेघ म्हणजे कागद आणि श्रम वाचवण्यासाठी वर ठेवलेला दुसरा 'न'. संत इग्नेशियस यांचे मूळ नाव इन्यिगो. त्यात ही रेघ आहे. 'सी'च्या पायाशी लोंबणारी शेपटी म्हणजे मुळात एक बारीक 'झेड'.

या शेपटीचे महत्त्व आपल्या वसईच्या संतांच्या नावात दिसते. १५९७ साली नागासाकी येथे रक्तसाक्षी झालेले आणि १८६२ साली संतपदी घोषित झालेले गोन्सालो गार्सिया यांच्या पोर्तुगीज नावात ही शेपटी आहे. शेपटी आहे तोवर 'सी'चा उच्चार 'स' होतो. शेपटी गळली आणि बाकी अक्षरे तशीच राहिली, तर अनोळखी वाचक त्या नावाचा उच्चार 'गोन्कालो' असा करील. खूण बारीक असली, तरी तिच्यावाचून संताचे नाव दुसरे होते.

सहाशे साचे

आता गोव्याकडे वळू. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यास आला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय १५७९ साली गोव्यास पोहोचले आणि १६१९ साली निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी, पण लिपी रोमन.

असे का झाले, याचे उत्तर त्यांच्याच पत्रातून मिळते. १६०८ साली येशूसंघाच्या रोममधील प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली जुनी इच्छा कळवली आहे. मलबारात जशी तेथील लिपीत पुस्तके छापली जातात, तशी येथेही येथील भाषेत आणि येथील लिपीत व्हावीत, ही ती इच्छा. तमिळ अक्षरांत पुस्तक १५७८ सालीच कोल्लम येथे छापले गेले होते. मग अडचण कोणती? स्टीफन्स हिशेब मांडतात: युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील. व्यंजन, त्याला लागणारी प्रत्येक मात्रा, प्रत्येक जोडाक्षर अशी मोजणी केली, की आकडा तेथवर जातो.

सहाशे साचे झाले नाहीत. मराठी भाषेला रोमन वस्त्र नेसावे लागले. तथापि या वस्त्रात मराठीचे सारे अंग झाकत नव्हते. रोमन लिपीत 'त' आणि 'ट' यांना एकच अक्षर, 'न' आणि 'ण' यांना एकच, 'ल' आणि 'ळ' यांनाही एकच. मग वात आणि वाट, मन आणि मण, काल आणि काळ हे वेगळे कसे ओळखावे? यावर तोडगा निघाला तो अक्षर दोनदा लिहिण्याचा. एकेरी 'न' म्हणजे 'न', दुहेरी 'न' म्हणजे 'ण'. जे. ए. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे 'ख्रिस्तपुराणा'ची रोमन आवृत्ती काढली, तिच्या शीर्षकातील 'पुराण' या शब्दात 'न' असा दुहेरीच आहे. गोव्यातील रोमन कोकणीत ही रीत आजही जिवंत आहे. पर्वरी येथे १९८६ साली स्थापन झालेल्या थॉमस स्टीफन्स कोकणी केंद्राच्या नावातील 'कोकणी' हा शब्द रोमन लिपीत दुहेरी 'न'नेच लिहितात.

'ख्रिस्तपुराण' देवनागरीत परत आणण्यास बराच काळ लागला. मराठी संतकवींचे इंग्रजी अनुवादक जस्टिन ॲबट यांनी लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित उजेडात आणले. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यास निघाली. म्हणजे पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी सामान्य मराठी वाचकाला हा ग्रंथ आपल्या लिपीत छापील मिळाला. जागेच्या अभावी लिपी बदलावी लागली, तर तिची किंमत किती पिढ्या मोजतात, हे यावरून ध्यानात येईल.

एकशे अठ्ठावीस घरे

छापखान्यातील खिळ्यांची पेटी जशी घरांची असते, तसाच संगणकही आतून घरांचाच हिशेब ठेवतो. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली असा एक तक्ता प्रसिद्ध झाला, त्याला 'आस्की' म्हणतात. त्यात एकूण १२८ घरे. त्यांतील ३३ यंत्राला आज्ञा देण्यासाठी. उरलेल्या ९५ मध्ये इंग्रजीची मोठी आणि लहान अक्षरे, दहा अंक, विरामचिन्हे आणि शब्दांमधील रिकामी जागा. मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५, लहान 'ए'चा ९७.

हा तक्ता इंग्रजी लिहिणाऱ्यांनी इंग्रजीसाठी केला. त्यात दोन टिंबांच्या 'ओ'ला घर नव्हते, शेपटीच्या 'सी'लाही नव्हते. स्टीफन्स यांना अडवणारी अडचण पुन्हा उभी राहिली. फरक एवढाच, की या वेळी बाहेर राहणाऱ्यांत युरोपातील भाषाही होत्या.

पुढे तक्ता दुप्पट करून २५६ घरांचा झाला. एका बाइटमध्ये एवढीच घरे मावतात. पहिली १२८ आस्कीची कायम ठेवून वरच्या १२८ चा उपयोग ज्याने त्याने आपल्या गरजेनुसार केला. पश्चिम युरोपासाठी १९८७ साली जो आंतरराष्ट्रीय तक्ता ठरला, त्यात दोन टिंबांच्या लहान 'ओ'ला २४६ वे घर मिळाले आणि शेपटीच्या लहान 'सी'ला २३१ वे.

एका घरात दोन बिऱ्हाडे

त्याच सुमारास पुण्यातही हेच काम चालू होते. १९८८ साली स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेत भारतीय लिपींसाठी मोठे काम झाले आणि १९९१ साली 'इस्की' हा तक्ता भारतीय मानक म्हणून मान्य झाला. त्यातही खालची १२८ घरे आस्कीचीच. वरच्या घरांत आपली अक्षरे. 'क' १७९ व्या घरात. आणि २४६ व्या घरात कोण? देवनागरी ५ हा अंक.

येथे गोंधळाचे मूळ आहे. संगणकाच्या पोटात लिहिलेले असते फक्त २४६. ते युरोपच्या तक्त्याने वाचले तर दोन टिंबांचा 'ओ', भारताच्या तक्त्याने वाचले तर पाच. बिशप ड्योरिंग यांचे नाव युरोपीय तक्त्याने लिहून भारतीय तक्त्याने उघडले, तर नावाच्या मधोमध ५ हा आकडा उभा राहील. यंत्राने काहीच चूक केलेली नसते. त्याला कोणता तक्ता वापरायचा हे कोणी सांगितलेले नसते.

मराठीची छपाई मात्र बहुतेक ठिकाणी याहून वेगळ्या मार्गाने गेली. संगणकाने पडद्यावर किंवा कागदावर अक्षर काढायचे, तर क्रमांकाबरोबर त्या क्रमांकाचे चित्रही लागते. अशा चित्रांच्या संचाला 'फॉन्ट' म्हणतात. श्री-लिपी, आकृती, कृतीदेव अशा नावांच्या संचांत रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवलेली होती. संगणकाच्या समजुतीप्रमाणे त्याच्या पोटात फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज खुणांची अक्षरे होती. डोळ्यांना दिसत होती मराठी. त्या काळी मराठी पुस्तके, नियतकालिके, लग्नपत्रिका आणि धर्मग्रामांची पत्रके मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने निघाली, आणि मराठीची सेवाही मोठी झाली. परंतु विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती धारिका उघडली, की मराठी नाहीशी होऊन टिंबे, रेघा आणि शेपट्या असलेल्या परक्या अक्षरांची रांग समोर येते.

१६१६ साली राशोल येथे मराठीने रोमन अक्षरांचे वस्त्र उघडपणे नेसले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती पुन्हा रोमन अक्षरांच्या घरात राहिली. पण या वेळी बाहेर देवनागरीची पाटी लावून. पाटी पडली, की आतील बिऱ्हाड कोणाचे हे ओळखू येत नाही.

सर्वांसाठी एक तक्ता

यावर उपाय एकच होता: जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचे, दुसऱ्या कोणाचे नसलेले घर देणे. जानेवारी १९९१ मध्ये या कामासाठी अमेरिकेत 'युनिकोड' संघटना नोंदवली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिला तक्ता निघाला. दोन टिंबांच्या 'ओ'चा क्रमांक २४६ तसाच राहिला. देवनागरीला इस्कीच्या आधारे २३०४ पासून पुढची १२८ घरे मिळाली. 'क' २३२५ वर गेला. आता ५ आणि 'ओ' यांची गाठ पडण्याचे कारण उरले नाही.

येथे स्टीफन्स यांच्या सहाशे साच्यांचेही उत्तर मिळते. युनिकोडने सहाशे घरे दिली नाहीत. 'क' एकदा, इकाराची वेलांटी एकदा, हलन्ताची खूण एकदा, असे मूळ घटकच मोजले. 'कि' हे अक्षर म्हणजे दोन क्रमांक. 'क्ष' म्हणजे 'क', हलन्त आणि 'ष' असे तीन. त्यांना जोडून योग्य आकार काढणे, वेलांटी नंतर लिहिलेली असली तरी आधी दाखवणे, हे काम फॉन्ट आणि संगणकाची लेखनव्यवस्था करते. विंडोज २००० पासून घरगुती व कार्यालयीन संगणकांत हे काम होऊ लागले. सहाशे साचे ओतणे अशक्य वाटले होते. ते साचे आता वेगळे साठवावेच लागत नाहीत, गरजेप्रमाणे जुळवले जातात.

काय लपते आणि काय हरवते

इतके झाल्यावरही जुन्या नोंदी उघडताना विचित्र चिन्हे दिसतात. त्यांचे तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण त्यांतील दोन बरे होणारे आहेत आणि तिसरा नाही.

पहिला प्रकार, अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसणे. याचा अर्थ आकडा शाबूत आहे. त्याचे चित्र तेवढे या संगणकात नाही. योग्य फॉन्ट बसवला, की अक्षर परत येते.

दुसरा प्रकार, एका अक्षराऐवजी दोन-तीन भलतीच अक्षरे दिसणे. युनिकोडचे क्रमांक साठवण्याची 'यूटीएफ-८' नावाची रीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, दोन टिंबांच्या 'ओ'ला दोन आणि देवनागरी अक्षराला तीन. हे दोन बाइट १९५ आणि १८२ असे असतात. जुन्या युरोपीय तक्त्याने ते सुटे सुटे वाचले, तर 'ओ'च्या जागी लहरी रेघेचा मोठा 'ए' आणि त्यामागे परिच्छेदाची खूण उमटते. हा नुसता वाचनाचा दोष आहे. योग्य तक्ता निवडला, की मजकूर जसाच्या तसा मिळतो.

तिसरा प्रकार, अक्षराच्या जागी साधे प्रश्नचिन्ह. नव्या तक्त्यातील मजकूर कोणी अपुऱ्या तक्त्यात कोंबून साठवला, की घर नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी यंत्र प्रश्नचिन्ह लिहून ठेवते. प्रश्नचिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे, ६३. आता धारिकेत उरतो फक्त ६३. त्यामागे 'ओ' होता की 'ण' होता, हे सांगणारे काहीही शिल्लक राहत नाही. (काळ्या शंकरपाळीच्या आकारातील प्रश्नचिन्ह वेगळे, ते बहुधा वाचनाच्या दोषाचे लक्षण असते. मात्र ते दिसत असताना धारिका तशीच जतन केली, तर तोही दोष कायमचा होतो.)

म्हणून जुनी धारिका उघडल्यावर भलतेच काही दिसले, तर ती 'सुधारून' लगेच साठवू नये. प्रथम तिची नक्कल करून मूळ बाजूला ठेवावे. जे लपले आहे ते शोधता येते; जे पुसले ते शोधता येत नाही.

आपली नावे

आपल्या जिल्ह्यातील कॅथलिक घरांत ड्योरिंग आडनावाचे कोणी नाही. परंतु ॲग्नेस आहे, ॲन्थनी आहे, काळे आणि साळवे आहेत, मोरे आणि गोऱ्हे आहेत. त्यांच्या नावांचा प्रश्न त्या दोन टिंबांसारखाच आहे.

दोन टिंबांचा 'ओ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक, २४६ हा एकच क्रमांक, दुसरी, साधा 'ओ' म्हणजे १११ आणि त्यानंतर वर चढणाऱ्या दोन टिंबांचा ७७६. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ही दोन रूपे समान मानावीत, असा युनिकोडचा नियम आहे. आपल्या 'ॲ'ची गोष्ट अधिक नाजूक आहे. आरंभी त्याला स्वतंत्र घर नव्हते. 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवावा लागे. २००८ साली त्याला २४१८ हे घर मिळाले आणि २००९ साली महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात 'ॲ'ला स्थान मिळाले. पण जुनी जोडणी आणि नवे अक्षर समान मानण्याचा नियम युनिकोडने केलेला नाही. त्यामुळे एका नोंदीत ॲग्नेस जुन्या रीतीने आणि दुसरीत नव्या रीतीने लिहिली असेल, तर संगणकाच्या लेखी त्या दोन मुली ठरू शकतात. शोध घेणाऱ्याला 'नोंद नाही' असे उत्तर मिळते, आणि नोंद तर तेथेच असते.

रोमन लिपीत काळे यांचा 'ळ' साध्या 'एल'ने लिहिला जातो. मग काळे आणि काले एकच होतात. विद्वानांनी यासाठी खाली टिंब दिलेला 'एल' योजला, युनिकोडमध्ये त्याला ७७३५ वे घरही आहे. पण कार्यालयातील अर्जावर ते कोणी लिहीत नाही. साळवे हे एकच आडनाव बापाच्या कागदावर एका स्पेलिंगने आणि लेकीच्या कागदावर दुसऱ्या स्पेलिंगने येते. लग्नाच्या वेळी, पारपत्राच्या वेळी, वारसाच्या कामात बाप्तिस्म्याचा दाखला पुढे येतो तेव्हा या भेदाची आठवण होते. २०२४ साली जिल्ह्याचे नावही अहिल्यानगर झाले. जुन्या आणि नव्या कागदांत गावाच्या नावापुढे जिल्हाही आता निराळा दिसेल. अशा वेळी माणसाचे नाव तरी निःसंदिग्ध असावे.

धर्मग्रामांच्या जुन्या नोंदवह्या संगणकावर उतरवण्याचे काम आता ठिकठिकाणी होत आहे, व्हायलाच हवे. ते करताना तीन गोष्टी पाळाव्यात, असे सुचवावेसे वाटते. नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत लिहावे. एका लिपीत जे संदिग्ध असते ते दुसरी लिपी स्पष्ट करते. सारे लेखन युनिकोडमध्येच असावे आणि 'ॲ'सारखी अक्षरे सर्वांनी एकाच रीतीने लिहावीत. आणि मूळ वही, तिच्यावर वाळवीची छाया पडू न देता, जपून ठेवावी. यंत्राने प्रश्नचिन्ह लिहून ठेवले, तर त्याचे उत्तर त्या वहीतील शाईतच मिळेल.

बाप्तिस्म्याच्या वेळी आपण बालकाला नावाने हाक मारतो. ते नाव वहीत लिहिणारा हात, पुढे ते यंत्रात उतरवणारा हात आणि पन्नास वर्षांनी ते शोधणारा हात हे तीन वेगवेगळ्या माणसांचे असतात. तिघांची कधी भेट होत नाही. त्यांच्यात दुवा असतो तो अक्षराचा आणि त्यावरील खुणेचा. स्टीफन्स यांना हवे असलेले साचे त्यांच्या हयातीत मिळाले नाहीत. आपल्याला घरे मिळाली आहेत. त्यांत योग्य अक्षर ठेवण्याचे काम आपले आहे.